नौजरचा उजवा घोटा

ज्या लिफ्टवर नौजरला एकट्याने बसायला बंदी होती, त्या लिफ्टचं एकेक चाक त्याने चौदा वर्षं फिरतं ठेवलं होतं. बर्फाच्या उतारावरून खुर्च्या वर नेणारी तारेवरची लिफ्ट: अकरा खांब, प्रत्येक खांबावर सोळा चाकं. कुठलं चाक थंडीत कुरकुरतं, कुठल्या शिडीची पायरी ढिली आहे, हे त्याने डोळे मिटून सांगितलं असतं. आणि आता खालच्या स्टेशनच्या भिंतीवर पाटी होती: ‘अपंग व्यक्तींना सोबत्याशिवाय लिफ्टवर प्रवेश नाही. हुकुमावरून, व्यवस्थापन.’ त्या पाटीचे चार बोल्टसुद्धा भिंतीत नौजरनेच बसवले होते. तेव्हा तिथे हवामानाचा फलक असायचा.

लारेबन या डोंगरगावातला प्रत्येक पुरुष हिवाळ्यात लिफ्टवर कामाला असतो, नाहीतर तेहरानहून येणाऱ्या पाहुण्यांना स्की शिकवत असतो. बायका उतारापाशी गाडे लावतात. नौजरची बायको गोलअंदाम गरम उकडलेलं बीट आणि पावट्याच्या शेंगा विकायची. नौजर ग्रीसवाला. ग्रीसवाल्याचं काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. ते नीट झालं तर काहीच घडत नाही, एवढंच.

चार वर्षांपूर्वी, मोसमाच्या पहिल्या शुक्रवारी, तो सातव्या खांबावर होता. नियम साधा होता. खाली खटक्यापाशी बसणाऱ्याने वायरलेसवर तीनदा विचारायचं, ‘वर कोण आहे?’ तीनदा विचारून उत्तर आलं नाही, तरच खटका ओढायचा. त्या दिवशी कोणी एकदाही विचारलं नाही. खाली पाहुण्यांची रांग लागली होती आणि व्यवस्थापक दर्यानी, ज्याला सगळे इंजिनियरसाहेब म्हणायचे, घड्याळ बघत उभा होता. लिफ्ट चालू झाली तेव्हा नौजरचा डावा पाय तारदोर आणि चाक यांच्या मधे होता. तो कोसळला, आणि उजवं पाऊल शिडीच्या पायरीत अडकून सगळं अंग त्या एका घोट्यावर लटकलं.

डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. उजव्या घोट्यात पट्टी आणि सहा स्क्रू बसले. पाय वाचला, पण घोटा वाकेना. वर नाही, खाली नाही. गंजून धरलेल्या बिजागरीसारखा.

तिसऱ्या दिवशी इंजिनियरसाहेब हॉस्पिटलात आला. हातात फुलं, अननसाचे चार डबे, मागे एक कारकून. खाटेपाशी उभा राहून त्याने मान खाली घातली.

“नौजर जान, तुझ्यासमोर मान वर करायची माझी हिंमत नाही.”

नौजर औषधांच्या गुंगीत होता. पण एवढं त्याला कळत होतं की वयाने आणि हुद्द्याने मोठा माणूस त्याच्या उशाशी शरमिंदा होऊन उभा आहे. पाहुण्याला असं शरमेत उभं ठेवणं लारेबनमध्ये कोणाच्या बापाने केलेलं नाही. तो म्हणाला, “साहेब, असं बोलू नका. एक पाय तो काय, तुमच्यावरून ओवाळून टाकला. चूक माझीच होती.”

याला जबाब म्हणत नाहीत, रीत म्हणतात. लारेबनमधल्या पाच वर्षांच्या पोरीलाही ते ठाऊक असतं. समोरच्याने यावर म्हणायचं असतं, ‘अल्लाची शपथ, चूक माझी.’ मग पहिल्याने पुन्हा ‘नाही, माझी’ म्हणायचं. असं दोन-तीनदा झालं की दोघांची इज्जत राहते आणि खरं काय ते दोघांनाही माहीत असतंच. दर्यानी त्याच डोंगरातला. त्याला काय ही रीत नवी होती? तो म्हणाला, “तुझं मन फार मोठं आहे,” आणि त्याने कारकुनाकडे बघितलं. कारकुनाचं पेन आधीच उघडं होतं.

अहवालात आलं: ‘कामगाराने साक्षीदारांसमोर स्वतःची चूक मान्य केली.’ जखम: डावा पाय. उजव्याचा उल्लेख नाही. तो ‘बरा झाला’ होता. नोकरी गेली. खटक्यापाशी त्या दिवशी मोख्तार होता. चौदा वर्षं नौजरबरोबर एका भाकरीचे दोन तुकडे करून खाणारा. चौकशीत तो म्हणाला, “आठवत नाही.” त्यानंतर रस्त्यात नौजर दिसला की तो बुटांची नाडी बांधायला वाकायचा.

गोलअंदामने अहवाल दोनदा वाचला.

“पाहुण्याला लोक चहा देतात,” ती म्हणाली. “तू पाय दिलास.”

*

तेहरानच्या कारखान्यातून पाय बनून आला. चालता येऊ लागल्यावर, अपघातानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात, नौजरने जुने स्की काढले. उताराचा माणूस घरात बसून खिडकीतून उतार बघत राहिला तर वेडा होतो. पण खोट्या पायाचा स्की आपल्याच मर्जीने जायचा. तो पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा.

गोलअंदामच्या गाड्यापाशी एक बाई बीट खात उभी होती. कोपराखाली डावा हात नाही, जन्मापासूनच. उजव्या हातात काडी, काडीला बीटाची फोड. ती हेंगामे, करजची. स्नोबोर्डवर देशाच्या संघातून शर्यती करायची आणि गुरुवार-शुक्रवारी लारेबनला शिकवायला यायची. नौजर गाड्याशी पोहोचला तशी ती म्हणाली, “आगा, दोन पायांना दोन फळ्या दिल्यात म्हणून ते भांडतायत. दोघांना एकाच फळीवर बांधा. भांडू देत तिथेच.”

“ती फळी शहरातल्या छपरी लोकांची, खानम. आम्ही स्कीवाले.”

“स्कीवाले! अकरा वेळा पडलात. मी मोजलं.”

“तेरा,” गोलअंदाम म्हणाली. “दोनदा माझ्या गाड्यामागे पडला. तुम्हाला दिसलं नसेल.”

हेंगामेने स्वतःची जुनी फळी दिली. टाचेच्या कडेवर वळणं नौजरला चार दिवसांत जमलं. बोटांच्या कडेवर मात्र तो थेट तोंडावर आपटायचा. कारण समजायला त्याला पूर्ण आठवडा लागला, पण समजलं ते कामगाराच्या डोक्याने. बोटांच्या कडेवर जायचं तर नडगी पुढे झुकावी लागते. नडगी झुकते घोट्यातून. त्याचा एक घोटा कारखान्यात बनलेला, दुसरा स्क्रूंनी जखडलेला. म्हणजे घोट्याचं काम गुडघ्याकडून करून घ्यायचं, आणि त्यासाठी बुटाच्या आत टाचेखाली पाचर हवी, म्हणजे नडगी मुळातच झुकलेली राहील.

त्याने अक्रोडाच्या लाकडाची पाचर केली. चौथ्या दिवशी थंडीने तडकली. लिफ्टच्या चाकांवर जे रबर असतं, त्याची केली. ते बर्फात दगडासारखं झालं. मग गोलअंदामने तिच्या मेंढपाळ आजोबांचा नमद्याचा डगला आणून समोर टाकला. लोकर कुटून केलेला जाड नमदा. वीस हिवाळे डोंगरात काढलेला. नौजरने त्याचे थर शिवले, भिजवले, दोन दिवस शिकंज्यात आवळून ठेवले आणि चाकूने तासले. सातवी जोडी बरोबर बसली. डावीकडे चौदा मिलिमीटर, उजवीकडे नऊ. तेरा चालत नव्हते. दहाही नाही.

आता हवा होता तो सराव. तो फळी खांद्यावर टाकून लिफ्टपाशी गेला. फाटकावर मोख्तार.

“सोबती पाहिजे, नौजर,” तो जमिनीला म्हणाला. “पाटी आहे.”

“पाटी मला वाचता येते. बोल्ट माझे आहेत.”

“माझी नोकरी घालवशील का?”

“छे रे,” नौजर म्हणाला. पुन्हा तीच रीत.

तो दर्यानीकडे गेला. दर्यानीने बसायला खुर्ची दिली, खडीसाखर पुढे केली. “अरे, तुझ्या जिवाची काळजी आम्ही नाही करायची तर कोणी? आणि खरं सांगू का, पाहुण्यांना बघवत नाही. लोक चार घटका मजा करायला येतात.”

त्या पाहुण्यांना बघवलं नसतं ते नक्की काय? एक माणूस खुर्चीत बसून वर जातो, हे? ज्याच्या हातांनी ती खुर्ची चौदा वर्षं सुखरूप वर गेली, तो? तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. नौजरला तळपाय एकच उरला होता, पण आग दोन्हींची गेली. आणि तरी उठताना तो म्हणाला, “तुमचा वेळ घेतला, साहेब.”

हेंगामेला गुरुवार-शुक्रवारी स्वतःचे शिष्य असत. त्यातून एखादी-दुसरी फेरी ती त्याला सोबत नेई. बाकीचे दिवस तो पायी चढला. चौथ्या खांबापर्यंत पस्तीस मिनिटं, फळी पाठीवर. खाली यायला चाळीस सेकंद. दिवसाला सहा वेळा. तिसऱ्या चढणीनंतर पायाचा खुंट सॉकेटमध्ये सोलायचा. लोकरीचे मोजे तो दोनदा बदलायचा आणि काढलेले गोलअंदामकडे द्यायचा. ती ते रक्त दिसलंच नाही अशा चेहऱ्याने घ्यायची. डोक्यावरून लिफ्टच्या खुर्च्या जायच्या. निम्म्याअधिक रिकाम्या.

दोन हिवाळ्यांत असे एकशे दहा दिवस. हिशोब नौजरनेच केला, सुताराच्या पेन्सिलीने, गाड्याच्या फळकुटावर. तीनशे पंच्याऐंशी तास चढला. सात तास वीस मिनिटं उतरला.

*

सरावाच्या दुसऱ्या हिवाळ्यात बातमी आली की देशाच्या अपंग संघाची निवड लारेबनच्या उतारावर होणार. प्रत्येक वर्गातून एकच माणूस परदेशातल्या शर्यतीला जाणार. त्याच आठवड्यात खालच्या स्टेशनवर कापडी फलक लागला. त्यावर नौजरचा फोटो, मागे डोंगर, वर अक्षरं: ‘लारेबनचा सिंह’. त्याला कोणी विचारलं नव्हतं. फलकाच्या खालच्या कडेखाली ती पाटी जशीच्या तशी.

“सिंह,” गोलअंदाम म्हणाली. “सोबत्याशिवाय सोडू नका, चावेल.”

हेंगामेने त्याला बाकावर बसवून समजावलं. “नीट ऐका. एक पाय अधू आणि दुसरा धड, तो हलका वर्ग. त्यात पाच जण आहेत, पाचही जणांचा एकेक पाय अस्सल. दोन्ही पाय अधू, किंवा एक गुडघ्याच्या वर कापलेला, तो जड वर्ग. तुम्ही जड वर्गाचे. हलक्यात गेलात तर तुम्ही वाकत नसलेल्या घोट्याने वाकणाऱ्या घोट्यांशी शर्यत करणार. डॉक्टर विचारेल. वाढवून सांगू नका, कमी करूनही सांगू नका. जीभ घरी ठेवून या. नुसता पाय दाखवा.”

“तुमचा हुकूम डोळ्यांवर, खानम.”

“डोळ्यांवर नको. पाय.”

तपासणी लिफ्टच्या कचेरीत होती, वरच्या मजल्यावर. तेहरानचे डॉक्टर ईजदी सकाळपासून माणसं तपासून थकले होते. यजमान दर्यानी. नौजरची जुनी फाइल त्यानेच कपाटातून काढून डॉक्टरांपुढे ठेवली होती, आणि त्या फाइलमध्ये जखम एकच होती.

डॉक्टरांनी डावा खुंट बघितला, मोजला, लिहिला. “उजवा?”

नौजरने तोंड उघडायच्या आत दर्यानी हसला. “डॉक्टर, हा बहाद्दर दिवसातून सहा वेळा डोंगर चढतो. पायी! उजवा पाय पोलादाचा आहे याचा. गावाला विचारा.” आणि त्याने स्वतःच्या हाताने समोवारमधून चहा ओतला, पेला नौजरच्या हातात ठेवला, वर खांद्यावर हात ठेवला. “हो ना रे, नौजर जान?”

साहेबाने आपल्या हाताने ओतलेला चहा. परका डॉक्टर, थकलेला. खोलीत चार माणसं त्याच्याकडे बघतायत. नौजरची जीभ घरी राहिली नव्हती.

“तुमच्या कृपेने बरा आहे, डॉक्टर. तक्रार नाही. तुम्हाला उगाच त्रास.”

डॉक्टरांचा हात त्याच्या मोज्याकडे निघाला होता. तो परत फिरला. त्यांनी लिहिलं: हलका वर्ग. दुपारी दोनला यादी भिंतीवर लागणार होती. डॉक्टरने विचारून थांबायचं नसतं, हाताने बघायचं असतं. ग्रीसवालासुद्धा चाकाला ‘कसं आहेस’ विचारून खांब उतरत नाही. पण ते त्यांचं काम, त्यांनी तसं केलं.

जिन्याच्या पायथ्याशी हेंगामे उभी होती. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

“काय म्हणालात?”

“काय म्हणणार? माणूस थकलेला होता...”

“तुमच्या अंगावरून आगगाडी गेली ना, तर तुम्ही ड्रायव्हरला म्हणाल, माफ करा साहेब, तुमच्या वाटेत आलो!” तिने फळीवर लाथ मारली आणि ती निघून गेली.

गोलअंदाम ओरडली नाही. ते जास्त वाईट होतं. ती बीटाच्या वाफेआडून त्याच्याकडे बघत राहिली.

“एक दिलास,” ती म्हणाली. “आता हा दुसरा. तिसरा आहे का?”

नौजर गाड्याशेजारच्या खोक्यावर बसला. फळकुटावर त्याची पेन्सिल दिसत होती: ३८५. त्याने आयुष्यात एक चाक अर्धवट पुसून सोडलं नव्हतं. वारा सुटला, हात बधिर झाले, तरी शेवटचा बोल्ट आवळल्याशिवाय तो खांबावरून उतरला नव्हता. आणि तीन शब्दांच्या रीतीपायी तो तीनशे पंच्याऐंशी तास दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून आला होता. बरं, ही रीत पाळायची कोणी? नेहमी त्यानेच? समोरचा दर वेळी त्याचा शब्द उचलतो, घडी घालतो आणि खिशात टाकतो, तर ती रीत कसली? ती चोरीच की.

त्याच्या हातात काहीतरी गार लागलं. दर्यानीच्या चहाचा पेला. तो तसाच घेऊन आला होता.

तो उठला. दीड वाजला होता.

*

वरच्या खोलीत टेबलावर चादर अंथरली होती. भात, कबाब, भाजलेले टोमॅटो, कच्चा कांदा. दर्यानी, डॉक्टर ईजदी आणि निवड समितीचा एक टाय लावलेला माणूस जेवत होते. वाढायला मोख्तारला बोलावलं होतं. तो ताकाचा जग घेऊन उभा होता.

दार उघडलं तसा दर्यानी तोंडातल्या घासासकट अर्धा उठला. “अरे, नौजर जान! बरोब्बर वेळेवर आलास. ये, बस, दोन घास खा आमच्याबरोबर!”

जेवताना जो कोणी दिसेल त्याला असं म्हणायचंच असतं. आणि त्याने छातीवर हात ठेवून ‘तुम्हालाच गोड लागो’ म्हणायचं आणि पाठ न दाखवता दाराबाहेर जायचं असतं. टेबलावरचे तिघेही घास हातात धरून त्याची वाट बघत होते.

नौजर आत आला. त्याने खुर्ची ओढली आणि तो बसला.

मोख्तारच्या हातातला जग कलंडला. चादरीवर थोडं ताक सांडलं. कोणी पुसलं नाही.

नौजरने रिकामा पेला दर्यानीच्या ताटाशी ठेवला. मग वाकून उजव्या बुटाचे पट्टे सोडले. सावकाश, कारण घाईने ते सुटत नाहीत. बूट काढला. नमद्याची पाचर काढून बुटावर ठेवली. मोजा काढला. आणि पाऊल उचलून चादरीवर ठेवलं, भाताच्या परातीला लागून.

“डॉक्टर, वाकवून बघा.”

“इथे जेवण चाललंय!” टायवाला म्हणाला.

“मला जेवायला बोलावलंय,” नौजर म्हणाला. “तुमच्यासमोरच बोलावलं.”

डॉक्टर ईजदींनी घास खाली ठेवला, हात पुसले. एक हात टाचेखाली, एक चवड्यावर. वर दाबलं. काही नाही. खाली ओढलं. काही नाही. त्यांनी बोटाने व्रण चाचपला, एकापाठोपाठ सहा उंचवटे मोजले.

“हे कधीचं?”

“त्याच दिवसाचं. त्याच खांबावरचं.”

“फाइलमध्ये नाही.”

“फाइल माझी नाही.”

“मघाशी का सांगितलं नाहीत?”

“मघाशी साहेबांनी चहा दिला होता.”

दर्यानी हसला, पण हसू ओठांच्या पलीकडे जाईना. “डॉक्टर, हा आमच्या घरातला माणूस. नौजर जान, तू काय नाराज आहेस का आमच्यावर? हॉस्पिटलात तूच आपल्या तोंडाने म्हणालास...”

“आहे,” नौजर म्हणाला. “चार वर्षं नाराज आहे. तुम्ही मान खाली घालून उभे होतात, म्हणून मी तुम्हाला शरमेतून सोडवलं. तुम्ही ते लिहून घेतलंत. लाज नाही वाटली?”

टायवाल्याने ताटाकडे बघितलं. खिडकीबाहेर लिफ्टच्या खुर्च्या जात होत्या.

“वायरलेसवर विचारलं नव्हतं,” मोख्तार म्हणाला. त्याने हे हातातल्या ताकाच्या जगाला सांगितलं, कोणाच्या डोळ्यांत न बघता. “एकदापण नाही. मला म्हणाले, पाहुणे थांबलेत, ओढ. मी ओढला.”

“मोख्तार, बाहेर जा!” दर्यानी ओरडला.

“जातो. ताक ठेवू की घेऊन जाऊ?”

डॉक्टर ईजदींनी कागद मागवला. “तुमचं आपसातलं तुम्ही बघा. मला पाय लिहायचा आहे.” त्यांनी आधीचं खोडलं, जड वर्ग लिहिलं, आणि खाली उजव्या घोट्याच्या जखमेची तारीखही लिहिली. चार वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार. टाय लावलेल्या माणसाने सही केली. त्या कागदाची नक्कल नंतर गोलअंदामने मागून घेतली. तिचं काय करायचं ते ती बघणार होती.

नौजरने मोजा घातला, पाचर नऊ मिलिमीटरची कड मागे धरून बसवली, बूट आवळला. दारापर्यंत गेला आणि वळला.

“जेवणात व्यत्यय आणला, माफ करा,” तो म्हणाला. जीभ एका दिवसात बदलत नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत झाली. सातव्या खांबाखालून सुरुवात, दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. जड वर्गात तिघे. हमादानचा एक दोन्ही फेऱ्यांत पडला. दुसरा मरिवानचा कुर्द मेंढपाळ रेबवार. सुरुंगाने त्याचा पाय मांडीपासून नेला होता. तो उतारावर असा यायचा की जणू त्याच्या मागे लांडगे लागलेत.

पहिल्या फेरीत नौजर सहाव्या वळणावर, बोटांच्या कडेवर, तोंडावर आपटला. गोलअंदामने या वेळी पडणं मोजलं नाही. दुसऱ्या फेरीला तो उभा राहिला तेव्हा हेंगामेने आपल्या एका हाताने त्याचं जाकीट ओढून सारखं केलं. “गुडघा,” ती म्हणाली. “बाकी सगळं विसरा. गुडघा.”

तो पडला नाही. प्रत्येक वळणावर गुडघ्याने घोट्याचं काम केलं. खाली आला तेव्हा फलकावर आकडा लागला: एक मिनिट चार सेकंद ब्याऐंशी. हलक्या वर्गात हा वेळ शेवटचा ठरला असता, चार सेकंदांनी.

रेबवारचा एक मिनिट चार सेकंद एक्कावन्न.

एकतीस शतांश. जागा रेबवारला गेली.

टायवाला हात पुढे करत आला. “भाग घेतलात, हाच खरा विजय, आगा नौजर.”

“नाही,” नौजर म्हणाला. “मी हरलो. हरायला आलो नव्हतो.” पण हात त्याने घेतला.

रेबवारने त्याला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले. “शेवटच्या तीन वळणांत माझा जीव गेला होता, काका. किती सराव करता?”

“सात तास वीस मिनिटं.”

“दिवसाला?”

“दोन हिवाळ्यांत.”

रेबवार हसला. मग त्याला दिसलं की कोणीच हसत नाही. गोलअंदामने त्याला फळकुट दाखवलं, पाटी दाखवली. त्याने पाटी वाचली आणि कुर्दीत असं काही बोलला, जे कोणी भाषांतर करून मागितलं नाही.

“आमच्याकडे लिफ्टवाला मला स्वतः उचलून बसवतो,” तो म्हणाला. “नको म्हटलं तरी.”

तो गेल्यावर गोलअंदाम बीटाचं पातेलं घासत होती.

“एकतीस शतांश म्हणजे किती?”

“डोळा मिटून उघडेपर्यंत.”

“आणि तीनशे पंच्याऐंशी तास म्हणजे?”

पातेलं चकचकीत झालं तरी ती घासतच राहिली.

शनिवारी सकाळी पाहुणे परतले होते. उतार रिकामा होता. नौजर फळी आणि तेरा नंबरचा पाना घेऊन खालच्या स्टेशनवर आला. पाटीचे दोन बोल्ट लगेच सुटले. तिसरा गंजला होता. त्यावर त्याने तेलाचा थेंब सोडला आणि तो वाट बघत उभा राहिला, कारण गंजलेल्या बोल्टवर जोर लावला तर डोकं तुटतं आणि मग दिवस जातो. पाच मिनिटांनी तोही सुटला. चौथा सुटल्यावर त्याने पाटी खाली घेतली, फेकली नाही, भिंतीकडे तोंड करून टेकवून ठेवली. बोल्ट खिशात टाकले.

मोख्तार खटक्याच्या खोलीतून बघत होता. त्याला कामावरून काढायचं की नाही, हे अजून ठरत होतं.

“साहेब विचारतील,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने नौजरकडे बघून म्हटलं.

“सांग, ज्याने बसवले त्याने काढले.”

“पुढची निवड कधी?”

“पुढच्या हिवाळ्यात.” नौजर खुर्चीत बसला, फळी मांडीवर आडवी घेतली. लिफ्टने वर जायला बारा मिनिटं. दिवसाला वीस फेऱ्या सहज. बर्फ अजून दोन महिने होता.

मोख्तारने वायरलेस उचलला. “वर कोण आहे?”

खरखर.

“वर कोण आहे?”

खरखर.

तिसऱ्यांदा त्याने जरा जास्तच वेळ वाट बघितली. मग खटका ओढला.

खुर्ची उचलली गेली. पहिला खांब, दुसरा, चौथा. चौथ्याच्या पलीकडे खाली त्याच्या पावलांची वाट संपत होती, एक खोल, एक उथळ, रोज तुडवून केलेली. सातव्या खांबाखालून जाताना त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. उजवीकडचं तिसरं चाक कुरकुरत होतं. कोरडं. चार वर्षांत कोणी त्याला नीट हात लावलेला नव्हता.

खाली पोहोचल्यावर आधी मोख्तारला झापायचं, असं ठरवून त्याने बुटाचे पट्टे एकेक घर आणखी आवळले.